सरकारला फुकटचा वकील मिळतो तेव्हा

मे २०१७ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पाकिस्तानने कुलभूषण जाधव यांना सुनावलेल्या फाशीच्या शिक्षेविरुद्ध भारताची बाजू मांडायला हरीश साळवे उभे राहिले. साळवे नागपूरचे, माजी केंद्रीय मंत्री एन. के. पी. साळवे यांचे चिरंजीव आणि १९९९ ते २००२ या काळात देशाचे सॉलिसिटर जनरल. त्यांची एका दिवसाची फी लाखांत मोजली जाते, हे कोर्टाची पायरी न चढलेल्यालाही ऐकून माहीत असते. ट्विटरवर कुणीतरी शंका काढली की, याहून कमी पैशांत दुसरा चांगला वकील मिळाला असता. तेव्हा परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी स्वतः उत्तर दिले की, साळवे यांनी या खटल्यासाठी आमच्याकडून फक्त एक रुपया फी घेतली आहे. पुढे १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध १ अशा मताने पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केल्याचे ठरवले आणि शिक्षेचा फेरविचार करायला सांगितले. त्या एका रुपयाचे कौतुक घराघरांत झाले आणि ते योग्यच होते.

त्या कौतुकात एक प्रश्न मात्र कुणी फारसा विचारला नाही. वकिलाने गरिबाचा खटला फुकट लढवला की आपल्याला त्याचा अर्थ लगेच कळतो, कारण पक्षकाराच्या खिशात पैसे नसतात. सरकार गरीब नसते. त्याच्यापाशी तिजोरी आहे, कर बसवण्याचा अधिकार आहे, पगारी वकिलांची फौज आहे. मग खाजगी वकिलाने आपली सेवा सरकारला दान करणे म्हणजे नेमके काय? ते सरकारने घ्यावे का? आणि घेतले तर त्याचा भार शेवटी कोणावर पडतो?

आपल्याकडे मोफत कायदेशीर मदतीची सगळी घडी गरजू माणसाला समोर ठेवून बसवलेली आहे. राज्यघटनेच्या ३९ अ कलमाने पैशाअभावी कुणी न्यायाला वंचित राहू नये असे राज्याला बजावले. त्यातून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तालुक्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत विधी सेवा समित्या उभ्या राहिल्या. बार कौन्सिलच्या नियमांतही पैसे देऊ न शकणाऱ्या गरजू माणसाला मदत करणे हे वकिलाचे समाजाप्रती मोठे कर्तव्य मानले आहे. अमेरिकेतल्या वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे अमेरिकन बार असोसिएशनचा, नमुना नियम वकिलाने वर्षाला किमान ५० तास विनामोबदला काम करावे असे सुचवतो आणि त्यातला मोठा भाग गरिबांसाठी ठेवायला सांगतो. पण त्याच नियमाच्या पुढच्या भागात धर्मादाय, शैक्षणिक आणि नागरी संस्थांच्या बरोबरीने सरकारी संस्थाही येतात. नेहमीची फी भरल्याने संस्थेचा पैसा लक्षणीय आटणार असेल, किंवा फी घेणे अन्य कारणाने गैर ठरणार असेल, तर तिच्यासाठी केलेले फुकट कामही या ५० तासांत धरता येते. हे दार तिथे बऱ्याच काळापासून उघडे आहे आणि त्यातून चांगले आणि वाईट, दोन्ही आत आलेले आहे.

चांगल्याचे सर्वांत मोठे उदाहरण ऑरेगॉन राज्याचे आहे.

१९०३ साली ऑरेगॉनने कायदा केला की, कारखान्यात किंवा लाँड्रीत काम करणाऱ्या बाईकडून दिवसाला १० तासांपेक्षा जास्त काम करून घेता येणार नाही. ४ सप्टेंबर १९०५ रोजी, तिथल्या कामगार दिनाच्याच दिवशी, पोर्टलंड शहरातल्या एका लाँड्रीत कामगार बाईला जादा वेळ राबवले गेले. मालक कर्ट म्युलर याला १० डॉलर दंड झाला. दंड भरून तो मोकळा झाला असता, पण त्याने कायद्यालाच आव्हान दिले आणि प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात पोचले. काळ मालकांना अनुकूल होता. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या बेकरी कामगारांसाठी केलेला १० तासांचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी मोडीत काढला होता. मालक आणि मजूर यांना हवा तसा करार करण्याचे स्वातंत्र्य आहे, त्यात सरकारने पडू नये, असा त्याचा आधार होता.

ऑरेगॉनसारख्या दूरच्या राज्याकडे या लढाईला पुरेल असे मनुष्यबळ नव्हते. कामगार बायकांसाठी झटणाऱ्या नॅशनल कन्झ्युमर्स लीग या संस्थेच्या फ्लॉरेन्स केली आणि जोसेफिन गोल्डमार्क बोस्टनच्या लुई ब्रँडाइस यांच्याकडे गेल्या. गोल्डमार्क ब्रँडाइस यांच्या मेहुणी होत्या. ब्रँडाइस यांची वकिली जोरात होती आणि सार्वजनिक कामासाठी फी घ्यायची नाही हा त्यांचा बाणा होता. अशा कामात जाणाऱ्या वेळेची भरपाई आपल्या भागीदारांना त्यांनी पदरच्या पैशाने केल्याचीही नोंद आहे. त्यांनी काम स्वीकारले, फी नाकारली, आणि एक अट घातली. संस्थेचा हितचिंतक म्हणून मी बाजूला उभा राहणार नाही, ऑरेगॉन राज्याने मला रीतसर आपला वकील म्हणून बोलवावे.

ही अट मला फार महत्त्वाची वाटते. वकीलपत्र राज्याचे असेल तर जबाबदारीही राज्याच्या नावावर नोंदली जाते. निवेदनात काय लिहायचे यावर राज्याच्या अधिकाऱ्याची सही लागते. चूक झाली तर ऑरेगॉनचा मतदार आपल्या अधिकाऱ्याला जाब विचारू शकतो. आडून मदत करणाऱ्या हितचिंतकाला असा जाब कुणी विचारू शकत नाही.

गोल्डमार्क आणि त्यांच्या मदतनीस बायकांनी न्यूयॉर्कची ग्रंथालये धुंडाळली. कारखाना निरीक्षकांचे अहवाल, डॉक्टरांच्या साक्षी, युरोपातले कायदे असे सगळे जमवले. ब्रँडाइस यांनी त्यातून शंभराहून अधिक पानांचे निवेदन तयार केले, त्यात कायद्याचा शुद्ध युक्तिवाद जेमतेम दोन पानांचा होता. बाकी सगळा पुरावा जादा तासांनी माणसाच्या शरीराचे काय होते याचा. २४ फेब्रुवारी १९०८ रोजी न्यायालयाने एकमताने ऑरेगॉनचा कायदा उचलून धरला आणि न्यायमूर्ती ब्रूअर यांनी निकालपत्रात ब्रँडाइस यांच्या निवेदनाचा नाव घेऊन उल्लेख केला. समाजशास्त्रीय पुरावा कोर्टापुढे मांडायची जी पद्धत पुढे रूढ झाली ती तिथून निघाली. १९१६ मध्ये ब्रँडाइस स्वतः त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि ऑरेगॉनचा पुढचा कामगार खटला फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी हाती घेतला. तेही नंतर न्यायमूर्ती झाले.

इतक्या उजळ उदाहरणालाही एक किनार आहे. स्त्रीचे शरीर नाजूक असते, मातृत्वासाठी तिला जपले पाहिजे, अशा पायावर तो युक्तिवाद उभा होता. खटला जिंकायला तो उपयोगी पडला, पण पुढे कित्येक वर्षे बायकांना रात्रपाळीपासून आणि चांगल्या पगाराच्या कामांपासून दूर ठेवायला याच निकालाचा आधार घेतला गेला. बाहेरून आलेला बुद्धिमान वकील सरकारला नुसते दोन हात देत नाही, सरकारचे म्हणणे काय असावे हेही तो घडवतो. त्याची फी शून्य असली तरी त्याचा प्रभाव शून्य नसतो.

गंमत म्हणजे ऑरेगॉन राज्याने जे घेतले ते अमेरिकेच्या केंद्र सरकारला सहजासहजी घेता आले नसते. तिथे १ मे १८८४ पासून एक कायदा आहे. कोणत्याही सरकारी खात्याने सरकारसाठी स्वेच्छेने दिलेली सेवा स्वीकारू नये, असे तो सांगतो. माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला अचानक धोका निर्माण झाला तरच अपवाद. पुढे हा कायदा खर्चाच्या मर्यादा घालणाऱ्या मोठ्या कायद्याचा भाग झाला. तो कुणी अधिकाऱ्याने जाणूनबुजून मोडला तर ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फुकट काम करून घेतल्याबद्दल तुरुंगाची तरतूद वाचून पहिल्यांदा कुणालाही नवल वाटेल.

त्याच्या मुळाशी गेले की नवल संपते. त्या काळी खाती मंजूर झालेला पैसा वर्ष संपण्याआधीच उडवत आणि मग उरलेल्या कामासाठी कारकुनांना जादा वेळ थांबायला लावत. कागदोपत्री ती कारकुनाची स्वेच्छा असे. साहेबाने सांगितल्यावर कारकून नाही म्हणणार कसा? पुढे हेच कारकून आपल्या कामाचे पैसे मागायला काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे येत, आणि काम तर झालेले असल्यामुळे ते नाकारणे कठीण जाई. म्हणजे संसदेने जो खर्च मंजूरच केला नव्हता तो मागच्या दाराने तिच्या गळ्यात पडत असे. त्यावर संसदेने हा उपाय काढला.

या कायद्यामागचे तत्त्व आपल्यालाही पटण्यासारखे आहे. सरकारने काय करावे आणि किती करावे, हे लोकप्रतिनिधी पैशाच्या दोरीने ठरवतात. एखाद्या खात्याला वकिलांसाठी दहा कोटी दिले तर दहा कोटींइतकेच खटले ते चालवेल. कुणा श्रीमंताने त्याच खात्याला पन्नास वकील फुकट पुरवले, तर ते खाते लोकप्रतिनिधींनी आखलेल्या रेषेच्या पलीकडे जाईल आणि त्याला अडवणारे कुणी उरणार नाही. म्हणून दान चांगल्या मनाने आले असले तरी ते लोकशाहीच्या तिजोरीला वळसा घालून येते.

कायदा आहे म्हटल्यावर वाटाही निघाल्या. १९१३ मध्ये तिथल्या महान्यायवादींनी मत दिले की, पैसे मागणार नाही असे आधीच लेखी देऊन, रीतसर नेमणूक घेऊन केलेली सेवा या बंदीत येत नाही. पहिल्या महायुद्धात उद्योगपती आणि बडे वकील वॉशिंग्टनला आले तेव्हा त्यांना वर्षाला एक डॉलर पगार देण्याची प्रथा पडली. तो डॉलर कायद्याची अडचण टाळायचा मार्ग होता. पण यातले अनेकजण आपल्या मूळ कंपनीच्या पगारावर तसेच राहिले. १९१७ मध्येच संसदेने दुसरा कायदा करून सरकारी कामासाठी बाहेरून पगार घ्यायला मनाई केली. तरी दुसऱ्या महायुद्धात हीच माणसे पुन्हा आली आणि १९४२ मध्ये सिनेटर हॅरी ट्रूमन यांच्या चौकशी समितीने त्यांच्यावर कडक ताशेरे ओढले. सरकारी खुर्चीत बसूनही ते आपल्या उद्योगाच्या नजरेनेच विचार करतात, हा समितीचा मुख्य आक्षेप होता. लबाडी करणारे थोडेच असतील. बाकीच्यांना आपला कल कुठे आहे हे बहुधा स्वतःलाही जाणवत नसावे आणि म्हणूनच असा कल पकडणे अवघड जाते.

आजही तिथे ही देवघेव रोज चालते, विशेषतः राज्य आणि शहर पातळीवर, कारण केंद्राचा कायदा राज्यांना लागू नाही. मोठ्या लॉ फर्म आपले तरुण वकील काही आठवडे किंवा महिने शहराच्या सरकारी वकिलाच्या कार्यालयाला उसने देतात. पगार फर्म देते आणि किरकोळ गुन्ह्यांचे खटले हे तरुण चालवतात. फर्मचा लाभ उघड आहे. बड्या कंपन्यांच्या कामात तरुण वकिलाला वर्षानुवर्षे साक्षीदाराची उलटतपासणी करायला मिळत नाही, ती इथे पहिल्या आठवड्यात मिळते. शहराला मनुष्यबळ मिळते. आरोपीचे काय होते, हे मात्र फार थोडे लोक विचारतात. ज्याच्यावर खटला भरला आहे तो बहुतेकदा गरीब असतो. त्याच्या तुरुंगवासावर एखाद्याने उलटतपासणीचा हात बसवावा, हे मला बरे वाटत नाही. शिकाऊ डॉक्टरवर अनुभवी डॉक्टरची नजर असते तशी इथेही असेल तर गोष्ट वेगळी.

केंद्र सरकारच्या वकिलांच्या कार्यालयांतही विनावेतन विशेष सहायक नेमण्याची पद्धत आहे. २०११ च्या सुमारास नोकरभरती थांबली तेव्हा अशा जाहिराती बऱ्याच निघाल्या. पूर्ण वेळ काम, वर्षभराची बांधिलकी आणि पगार शून्य. कायद्याचे शिक्षण घेताना डोक्यावर कर्जाचा डोंगर झालेल्या मुलाला असे वर्ष परवडत नाही. ज्याच्या घरी बाप खर्च करू शकतो त्यालाच ते परवडते. सरकारी वकिलाच्या खुर्चीकडे जाणारी वाट अशी हळूहळू सधन घरांतून जाऊ लागते.

आणखी एक प्रकार २०१७ पासून गाजतो आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात ब्लूमबर्ग फिलँथ्रॉपीज या संस्थेच्या देणगीतून एक केंद्र निघाले. त्या केंद्राच्या पैशाने वेगवेगळ्या राज्यांच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयांत पर्यावरणाच्या खटल्यांसाठी वकील नेमले गेले. पर्यावरण वाचावे असे मलाही मनापासून वाटते. तरीही वाचकांनी एक कल्पना करून पाहावी. उद्या एखाद्या कोळसा कंपनीने असेच केंद्र काढून दुसऱ्या राज्यांना खाणींच्या बाजूने लढणारे वकील पुरवले, तर आपण ते चालवून घेऊ का? नाही ना? मग तत्त्व दोन्ही बाजूंना सारखेच लागले पाहिजे.

या सगळ्यावर कडी झाली ती २०२५ मध्ये.

६ मार्च २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी पर्किन्स कुई या लॉ फर्मविरुद्ध आदेश काढला. २०१६ च्या निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे कायदेशीर काम या फर्मने केले होते. फर्मच्या वकिलांची गोपनीय माहिती पाहण्याची परवानगी थांबवावी, त्यांना सरकारी इमारतींत येण्यावर मर्यादा घालावी, त्यांच्या पक्षकारांच्या सरकारी कंत्राटांची छाननी करावी, असे त्या आदेशाचे स्वरूप होते. बड्या फर्मसाठी हा घाव वर्मी लागणारा होता, कारण सरकारी कंत्राटे असलेला पक्षकार अशा वकिलाकडे टिकत नाही. आठच दिवसांत पॉल वाइस या फर्मवर तसाच आदेश निघाला. पॉल वाइसने तडजोड केली आणि ४ कोटी डॉलर किमतीचे काम प्रशासनाला मान्य असलेल्या कारणांसाठी विनामोबदला करण्याचे कबूल केले. आदेश मागे घेतला गेला. मग रांगच लागली. स्कॅडन, विल्की फार, मिलबँक आणि कॅडवॅलडर यांनी प्रत्येकी १० कोटी डॉलरचे, तर कर्कलंड अँड एलिस, लेथम अँड वॉटकिन्स, सिम्पसन थॅचर आणि ए अँड ओ शेअरमन यांनी प्रत्येकी साडेबारा कोटी डॉलरचे काम कबूल केले. यातल्या बहुतेकांवर आदेश निघालेलाही नव्हता, निघेल या धास्तीने त्यांनी आधीच हात पुढे केला. नऊ फर्मची बेरीज ९४ कोटी डॉलर होते.

कागदावर कारणे निर्विवाद होती. माजी सैनिकांना मदत, न्यायव्यवस्थेतली निष्पक्षता, ज्यूद्वेषाचा मुकाबला. पण एप्रिलमध्ये ट्रम्प यांनी जाहीरपणे बोलून दाखवले की, या वकिलांना कोळसा खाणींच्या भाडेपट्ट्यांसाठी आणि आयातशुल्काच्या वाटाघाटींसाठीही वापरता येईल. त्यांपैकी काही फर्म वाणिज्य खात्याचे काम करत असल्याच्या बातम्या उन्हाळ्यात आल्या. तेव्हा विरोधी पक्षाच्या लोकप्रतिनिधींनी १८८४ च्या त्याच कायद्यावर बोट ठेवून विचारणा सुरू केली.

आणि ती अगदी योग्य जागी होती. साहेबापुढे नाही म्हणता न येणारा १८८४ चा कारकून आणि अध्यक्षांच्या आदेशाने घाबरलेली २०२५ ची अब्जाधीश फर्म यांत पैशाचे अंतर अफाट आहे, पण दोघांच्या स्वेच्छेची जात एकच. लढायचे ठरवलेल्यांचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. पर्किन्स कुई, जेनर अँड ब्लॉक, विल्मरहेल आणि सुस्मन गॉडफ्री या चार फर्म कोर्टात गेल्या. मे आणि जून २०२५ मध्ये चार वेगवेगळ्या न्यायाधीशांनी चारही आदेश घटनाबाह्य ठरवले. त्यांपैकी दोन न्यायाधीश रिपब्लिकन अध्यक्षांनीच नेमलेले होते. या चार फर्मनी वकिलीची लाज राखली, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरकारला दिलेली भेट साधी भेट नसते, ती यामुळेच. देणाऱ्याचे परवाने, कंत्राटे, कर आणि खटले घेणाऱ्याच्या हातात असतात. देणाऱ्याला बहुधा काहीतरी हवे असते किंवा कशाची तरी भीती असते. निव्वळ श्रद्धेने देणारा ब्रँडाइस क्वचित भेटतो आणि कायदा क्वचित भेटणाऱ्या माणसासाठी लिहिता येत नाही.

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्राने या प्रश्नाशी एकदा थेट झुंज दिली आहे. १९८४ च्या राज्याच्या विधी अधिकारी नियमांत अशी सोय होती की, फौजदारी खटल्यात खाजगी तक्रारदाराने विनंती केली तर विशेष सरकारी वकील नेमता येई आणि त्याची फी तक्रारदार भरत असे. म्हणजे वकील सरकारचा, खर्च फिर्यादीचा, सरकारला फुकट. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८८ मध्ये निकाल आला. कुणी मागणी केली म्हणून आपोआप विशेष सरकारी वकील देऊ नये, विधी परामर्शींनी प्रत्येक विनंतीची कारणे तपासावीत, आणि फी साधारणपणे राज्याच्या निधीतूनच जावी, असे न्यायालयाने सांगितले. खास प्रकरणांत खाजगी पैशाची वाट ठेवली, पण ती अपवाद म्हणून.

यामागचा विचार नीट समजून घ्यायला हवा. सरकारी वकील हा फिर्यादीचा वकील नसतो. आरोपीला शिक्षा मिळवून देणे हे त्याचे काम नाही, खरे काय ते कोर्टापुढे आणणे हे काम आहे. आरोपीच्या बाजूचा पुरावा हाती आला तर तोही त्याने पुढे ठेवायचा असतो. ज्याच्या घरचा माणूस मारला गेला आहे त्याच्याकडून फी घेणाऱ्या वकिलाला हे जमणे कठीण. म्हणून फौजदारी प्रक्रियेत पीडिताला आपला वकील देता येतो, पण तो सरकारी वकिलाच्या मदतीला, त्याच्या सूचनेनुसार काम करतो. सूत्रे सरकारी वकिलाकडेच राहतात.

दिवाणी प्रकरणांत मात्र इतकी जागरूकता दिसत नाही. समजा, एका तालुक्याच्या गावी नगरपरिषदेची शाळेसाठी राखीव जागा वादात अडकली आहे. नगरपरिषदेच्या पॅनेलवरच्या वकिलाचे मागच्या वर्षीचे बिल अजून मंजूर झालेले नाही, त्यामुळे तो तारखेला ज्युनिअरला पाठवतो. अशा वेळी गावातला एक नामांकित वकील मुख्याधिकाऱ्यांना भेटून सांगतो की, गावाचे काम आहे, मी फी घेणार नाही. मुख्याधिकारी सुटकेचा श्वास टाकतात, सभेत आभाराचा ठराव होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. तोच वकील गावातल्या दोन बिल्डरांचा कायमचा सल्लागार आहे. त्या बिल्डरांच्या दोन इमारतींचे बांधकाम परवाने नगरपरिषदेकडेच पडून आहेत. वकील कदाचित खरोखर निर्मळ मनाचा असेल. पण नगरपरिषदेची कागदपत्रे आता त्याच्या कपाटात आहेत, मुख्याधिकारी त्याच्या उपकाराखाली आहेत, आणि पुढच्या सुनावणीत तडजोड करावी की न करावी हा सल्ला तोच देणार आहे. गावाने वाचवलेली फी काही हजारांची, पणाला लागलेली जमीन कोट्यवधींची.

अशा फुकट मदतीची वेळच का येते, याचे उत्तर सरकारच्या कारभारात आहे. सरकार हा या देशातला सर्वांत मोठा पक्षकार आणि त्याच्या वकिलीची दशा अनेकदा दयनीय. बिले रखडतात, कागद वेळेवर पोचत नाहीत, अपिलाची मुदत टळते. २०१२ मध्ये टपाल खात्याला अपिलासाठी झालेला ४२७ दिवसांचा उशीर माफ करायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, ही सबब आता चालणार नाही, असा त्याचा आशय होता. अशा हरलेल्या खटल्यांची किंमत लोकांच्याच पैशाने भरावी लागते. वेळेवर दिलेली रास्त फी त्या मानाने फार स्वस्त पडते. तरुण, हुशार वकिलाने सरकारी पॅनेलवर यावे असे वाटत असेल तर त्याला घरभाडे भरता येईल इतकी फी आणि ती तीन महिन्यांत मिळेल ही खात्री हवी. ती न देता लोकांच्या दातृत्वावर सरकार चालवणे हा आळस आहे.

मग साळवे यांनी एक रुपया घेतला ते चुकले का? अजिबात नाही. ते देशाचे वकील म्हणून उघडपणे, रीतसर उभे होते. परराष्ट्र खात्याचे अधिकारी त्यांच्यासोबत न्यायालयात होते. काम एका खटल्यापुरते होते, समोर परके राष्ट्र होते, फीचा आकडा मंत्र्यांनी स्वतः देशाला सांगितला. ब्रँडाइस यांच्याही बाबतीत हेच सगळे होते. वकीलपत्र सरकारचे, काम मर्यादित, मागे कोण आहे ते जगजाहीर, आणि निकालातून वकिलाला मिळण्यासारखे काही नाही. या चार कसोट्यांना उतरले तर सरकारने दान घ्यावे आणि हात जोडून आभार मानावेत. एकीला जरी उतरले नाही तर फी देऊन दुसरा वकील शोधावा.

या कसोट्या लावायला मंत्रालय गाठण्याची गरज नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आपल्या महापालिकेकडे, नगरपरिषदेकडे किंवा जिल्हा परिषदेकडे विचारा की, गेल्या वर्षी तुमच्यातर्फे कोणते वकील उभे राहिले, प्रत्येकाला किती फी दिली, कुणाची बिले किती महिने थकली आहेत, आणि कुणी विनामोबदला काम केले असेल तर ते कोणत्या ठरावाने स्वीकारले. फुकट काम करणाऱ्याचे नाव हाती आले की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोध घ्या. त्याचे बाकीचे पक्षकार कोण आहेत ते तिथे दिसते. त्यांच्यापैकी कुणाचे काम त्याच कार्यालयात अडकलेले असेल, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत आपल्या नगरसेवकाला उभे राहून प्रश्न विचारायला लावा.